सनी लिस्टन, डिंको सिंह आणि इतर : आयुष्याने झोडपलेले, अर्ध्यावर राहिलेले बॉक्सर

आडवाट

२५ सप्टेंबर १९६२. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर सनी लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं आणि तो हेवीवेटचा जगज्जेता झाला. परतीच्या विमानात तो शेजारी बसलेल्या पत्रकार मित्राला आपलं भाषण म्हणून दाखवत होता. फिलाडेल्फिया हे त्याचं तेव्हाचं राहतं शहर. विमानतळावर लोक जमले असतील, महापौर येतील, मग त्यांना सांगू की आता नीट वागेन, पोरांना अभिमान वाटेल असा राहीन, अशा अर्थाचं काहीतरी. विमान उतरलं. दार उघडलं. खाली विमानतळाचे कामगार, थोडे पत्रकार, बस्स. शहर आलंच नव्हतं.

हा प्रसंग वाचल्यापासून लिस्टन माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

त्याची जन्मतारीख कोणालाच नक्की माहीत नाही. आर्कान्सामधल्या कुळाने शेती करणाऱ्या कुटुंबात, दोन डझनांच्या आसपास भावंडांत तो जन्मला. बाप कामाला जुंपायचा आणि चाबकाने मारायचा. त्याचे वळ मोठेपणीही त्याच्या अंगावर होते. आई सेंट लुईसला निघून गेली, तिच्यामागे हा तेराएक वर्षांचा असताना गेला. शाळा झालीच नाही, लिहितावाचता शेवटपर्यंत आलं नाही. १९५० मध्ये लुटालुटीच्या गुन्ह्यांत मिसूरीच्या तुरुंगात गेला आणि तिथल्या पाद्र्याने त्याच्या हातात ग्लोव्हज दिले. १९५२ ला सुटला आणि पुढच्याच वर्षी हौशी स्पर्धेत त्याने एड सँडर्सला हरवलं. सँडर्स म्हणजे हेलसिंकी ऑलिंपिकचा हेवीवेट सुवर्णविजेता! (हा सँडर्स १९५४ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला एका लढतीनंतर वारला, चोविसाव्या वर्षी. त्याच्यावर वेगळा धागा व्हायला हवा.)

एवढ्या ताकदीच्या माणसाला हात कोणी दिला? फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या गुंडांनी. त्या काळी अमेरिकेतली निम्मीअधिक बॉक्सिंग त्यांच्या मुठीत होती. लिस्टन त्यांचा माणूस म्हणून पोलिस त्याच्या मागे, आणि पोलिस मागे म्हणून सभ्य लोक चार हात लांब. पॅटरसनने त्याच्याशी लढू नये म्हणून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी सर्वांत मोठी संघटनासुद्धा विरोधात होती, कारण असला विजेता आपल्या समाजाला शोभणार नाही असं त्यांना वाटत होतं. पॅटरसनने संधी दिली, हा पॅटरसनचा मोठेपणा.

मग १९६४ ला मायामी बीचवर कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मोहम्मद अली, आला. सहा राउंडनंतर लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. पुढच्या वर्षी मेन राज्यातल्या लुइस्टन गावी पहिल्याच राउंडमध्ये पडला. त्या क्षणाचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. हात आखडून गरजणारा अली आणि पायाशी पडलेला एक माणूस. कितीतरी होस्टेलांच्या भिंतींवर तो लावलेला असतो. खाली पडलेल्याचं नाव विचारा, दहातले आठ गप्प बसतील.

१९७१ च्या ५ जानेवारीला त्याची बायको जेराल्डिन माहेरच्या माणसांना भेटून लास वेगासच्या घरी परतली तेव्हा तो बेडरूममध्ये मरून पडलेला होता. दाराशी साठलेली वर्तमानपत्रं आणि दुधाच्या बाटल्या मोजून पोलिसांनी मृत्यूचा दिवस ठरवला. थडग्यावर त्याचं नाव, दोन सालं आणि खाली फक्त ‘अ मॅन’.

मला असं वाटतं की अशा बॉक्सरांबद्दल बोलताना आपण फार लवकर ‘नशीब’, ‘व्यसन’, ‘संगत’ यावर येतो. मला विचारायचंय ते हे की तो चढत होता तेव्हा आणि पडला तेव्हा त्याच्याभोवती कोण होतं? कोणी काय घेतलं आणि कोणी काय दिलं? तुमच्या मनात असा कोण आहे, तेवढंच या नजरेने लिहा.

नीलांबरी

एका दमात वाचलं. विमानतळाच्या प्रसंगाला गलबलून आलं. तो लुइस्टनचा ठोसा खरा होता की लिस्टन ठरवून पडला? नवरा म्हणतो नक्की फिक्सिंग.

आडवाट

@नीलांबरी, त्या ठोशावर साठ वर्षं वाद चालू आहे. पंच जर्सी जो वॉलकॉटला मोजणीसुद्धा धड सांभाळता आली नाही, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. पण मला त्या वादात शिरायचं नाही. त्या एका मिनिटामुळे लिस्टनची आधीची दहा वर्षं कोणी बघतच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याचा डावा जॅब (पुढच्या हाताचा झटक्यात मारलेला सरळ ठोसा) बघा एकदा. ८४ इंचांचा पल्ला होता त्याचा. समोरच्याची मान मागे जाते ती त्या नुसत्या जॅबने.

तांबडी_माती

आडवाट, छान लिहिलंय. मी कोल्हापूरकडचा, आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती. तुमचा ‘भोवती कोण होतं’ हा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा तालमीचाच विचार आला. पैलवानाच्या मागे वस्ताद असतो, तालीम असते, गाव असतं. खुराकाला गावातले चार जण हातभार लावतात. कुस्ती सुटली तरी माणूस मरेपर्यंत ‘पैलवान’ म्हणूनच ओळखला जातो, जत्रेच्या मैदानात त्याला फेटा बांधतात, पुढे बसवतात. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी झालेल्या वयस्कर मल्लांना राज्य सरकारचं मानधनही आहे. लिस्टनला यातलं काहीच नव्हतं.

पण म्हणून आपण फार चांगले असंही नाही. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं म्हणून ते गेले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं आणि पुढे पोलिसात नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले. जिवंतपणी पद्म नाही. अर्जुनसुद्धा मरणोत्तर. एक खर्डेकर होते म्हणून पदक आलं, हे मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगतो.

मुक्ता_सॅनहोजे

माझ्या मनात पहिला येतो विल्फ्रेड बेनितेझ.

पोर्तो रिकोचा. ६ मार्च १९७६ ला सान हुआनमध्ये त्याने कोलंबियाच्या अंतोनियो सेर्वांतेसला हरवलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. सतरा! आपल्याकडे बारावीची परीक्षा देतात त्या वयात जगज्जेता. आजवर इतक्या लहान वयात कोणी झालेलं नाही. बावीस वर्षांचा होईतो तीन वेगवेगळ्या वजनगटांत विजेता झाला. लोक त्याला ‘रडार’ म्हणायचे. ठोसा निघायच्या आधीच त्याचं डोकं तिथून हललेलं असायचं. दोरांना पाठ लावून, हात खाली ठेवून तो समोरच्याला हवेत ठोसे मारायला लावायचा. रॉबर्तो दुरानसारखा माणूस १९८२ ला त्याच्यापुढे हतबल दिसतो.

बापच प्रशिक्षक, बापच मॅनेजर. सराव टाळायचा असं त्याच्याबद्दल नेहमी लिहितात. मला त्यात एक मूल दिसतं, ज्याला सात-आठ वर्षांचं असल्यापासून दुसरं काही करूच दिलं नाही. १९८६ मध्ये अर्जेंटिनात एका लढतीला नेलं. लढत झाली, हरला, आणि आयोजक पैसे आणि पासपोर्ट घेऊन गायब. बेनितेझ वर्षभराहून जास्त काळ तिथेच अडकून पडला. तीन वजनगटांचा विजेता, परक्या देशात, हातात काही नाही. त्यानंतरही १९९० पर्यंत तो लढत राहिला, कारण पैसे हवे होते.

मग मेंदू गेला. चालणं, बोलणं, ओळखणं, एकेक करत सगळं. आई क्लारा त्याला भरवायची, आंघोळ घालायची, कूस बदलायची. २००८ ला ती गेली आणि बहीण इव्होनने तेच काम उचललं. पुढे ती त्याला शिकागोला घेऊन आली. आडवाट, तुम्ही विचारलंत ना भोवती कोण होतं? वर असताना पन्नास माणसं, आणि नंतर या दोन बायका. ज्यांना त्या सगळ्या लढतींतून धड काही मिळालं नव्हतं.

आणि त्या रात्री हरलेला सेर्वांतेस? पालेंके या, पळून आलेल्या गुलामांनी वसवलेल्या गावातून आलेला, कोलंबियाचा पहिला जगज्जेता. तोही पुढे नशेत बुडाला, रस्त्यावर आला. एका रिंगमध्ये उभी असलेली दोन्ही माणसं.

कौस्तुभ७

वाचतोय. बेनितेझबद्दल काहीच माहीत नव्हतं. धन्यवाद मुक्ता.

अनाहत

मी न्यूरॉलॉजीत काम करतो, म्हणून थोडं.

बॉक्सरांच्या मेंदूच्या या आजाराचं वर्णन नवीन नाही. न्यू जर्सीचे हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच त्यावर निबंध लिहिला होता. म्हणजे लिस्टन, बेनितेझ जन्मायच्या आधीपासून वैद्यकाला हे ठाऊक होतं. १९७३ मध्ये इंग्लंडात कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ मृत बॉक्सरांचे मेंदू तपासून नुकसान कुठे कुठे होतं ते दाखवलं.

लोकांना वाटतं नॉकआउट हाच धोका. तसं नाही. डोकं झटक्याने फिरतं तेव्हा कवटीच्या आत मेंदू मागे राहतो आणि त्याचे लांबलचक तंतू ताणले जातात. एका ठोशाने काही दिसत नाही. हजारो ठोशांनी, आणि त्यातले बहुतेक सरावातले, टाऊ नावाचं प्रथिन साठत जातं. आधी बदलतो तो स्वभाव. राग आवरत नाही, संशय येतो, निर्णय चुकतात, दारू जास्त चढते. विसरणं, पाय अडखळणं हे नंतर. खात्रीचं निदान आजही मेल्यानंतरच होतं.

त्यामुळे ‘पैसा उडवला, व्यसनात गेला’ असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत क्रम उलटा असण्याची दाट शक्यता आहे. आधी मेंदू, मग वागणं. हेवीवेट बॉक्सर जेरी क्वारी १९९९ ला गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता आणि शेवटच्या काळात त्याला स्वतःचे कपडे घालता येत नव्हते. हा माणूस अलीसमोर दोनदा उभा राहिला होता.

शुभ्रा

सगळे खूप मनापासून लिहिताय. तरी मला एक टोचतंय आणि ते बोलते.

एडविन व्हालेरो. व्हेनेझुएलाचा, २७ लढती, २७ विजय, सगळे नॉकआउट. पहिले १८ तर पहिल्याच राउंडमध्ये. लहानपण गरिबीत. २००१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. त्यामुळे न्यूयॉर्कने परवाना नाकारला, कित्येक वर्षं अमेरिकेत लढता आलं नाही, जपान-पनामा करत फिरला. तुमच्या धाग्यात चपखल बसेल असा माणूस. २०१० च्या एप्रिलमध्ये त्याने आपल्या बायकोचा खून केला आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत गळफास घेतला.

तिचं नाव जेनिफर कारोलिना व्हिएरा. २४ वर्षांची, दोन मुलांची आई. खुनाच्या महिनाभर आधी ती बरगड्या मोडून, फुप्फुसाला इजा होऊन दवाखान्यात आली होती. पडले म्हणून सांगितलं तिने. सगळ्यांना कळत होतं. पण देशाचा हिरो होता तो, छातीवर राष्ट्राध्यक्षांचं चित्र गोंदलेला.

व्हालेरोवर जिथे जिथे वाचलं तिथे ‘केवढी प्रतिभा वाया गेली’ हेच. तो फिलिपिन्सच्या जगज्जेत्या पॅकियाओशी लढला असता तर काय झालं असतं, यावर पानंच्या पानं. जेनिफर काय झाली असती, यावर एक ओळ नाही. अनाहत, मेंदूचं तुम्ही सांगितलंत ते पटतं. पण प्रत्येक मारकुट्या नवऱ्याच्या मेंदूत काहीतरी झालेलं असतं असं म्हणायला लागलो तर बायकांनी कुठे बघायचं?

टेकडी

शुभ्रा, शंभर टक्के सहमत. माइक टायसनचंही तेच. त्याचं बालपण, त्याची कबुतरं, त्याचा गुरू कस दामातोचा मृत्यू, सगळं लोकांना पाठ. १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली हे मात्र ‘पडता काळ’ म्हणून एका वाक्यात उरकतात.

अनाहत

@शुभ्रा, मेंदूची इजा हे कारण असू शकतं, क्षमापत्र नाही. त्याच अपघातातून, त्याच ठोशांतून गेलेले शेकडो बॉक्सर घरी हात उचलत नाहीत. डॉक्टर म्हणून मी एवढंच म्हणेन की ज्याचा स्वभाव बदलतोय असं घरच्यांना दिसतं, त्याच्या घरच्यांना सर्वांत आधी विचारायला हवं आणि सर्वांत आधी सुरक्षित करायला हवं. व्हालेरोच्या बाबतीत त्या महिन्यात ते झालं नाही.

आडवाट

शुभ्रा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या प्रश्नाचं सगळ्यात कठीण उत्तर तुम्ही दिलंत. त्याच्याभोवती कोण होतं? जेनिफर होती. आणि तिच्याभोवती कोणीच नव्हतं.

मला व्हालेरोबद्दल काय वाटतं ते स्पष्ट सांगतो. २००१ मध्ये डोकं फुटलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराबद्दल मला कणव आहे, आणि त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरवणाऱ्यांचा संताप आहे. २०१० च्या व्हालेरोबद्दल नाही. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटू शकतं आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. लिस्टनही साधुसंत नव्हता, १९५६ ला पोलिसाला मारहाण करून पुन्हा आत गेला होता. पण ‘प्रतिभा वाया गेली’ या सुरात बायकोचा खून झाकला जात असेल तर त्या सुरात मला माझा सूर मिसळायचा नाही.

शुभ्रा

ठीक. एवढं वेगळं ठेवलं तर माझी हरकत नाही. तरी मी माझी कणव जेनिफरसाठी राखून ठेवीन.

दिगंत_एडिसन

मी न्यूयॉर्कजवळ राहतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून जाताना मला दरवेळी बिली कॉलिन्स आठवतो.

१६ जून १९८३. मुख्य लढत दुरान आणि डेव्ही मूरची, त्याआधी टेनेसीचा बिली कॉलिन्स विरुद्ध पोर्तो रिकोचा लुइस रेस्टो. कॉलिन्स १४ पैकी १४ जिंकलेला, रेस्टो हरण्यासाठीच बोलावलेला. दहा राउंड कॉलिन्स नुसता मार खात होता. चेहरा सुजून डोळे मिटले. लढत संपल्यावर बिलीचा बाप, जो स्वतः जुना बॉक्सर आणि त्या रात्री पोराच्या कोपऱ्यात होता, रेस्टोशी हात मिळवायला गेला. त्याने ग्लोव्ह दाबला आणि तो जागीच ओरडला. आत गादीच नव्हती! ग्लोव्हच्या तळव्याकडून भोक पाडून आतलं भरण काढलेलं. उघड्या मुठीने दहा राउंड.

बिलीच्या डोळ्यातली आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) फाटली होती. पुन्हा कधी लढला नाही. दारूकडे वळला, आणि मार्च १९८४ मध्ये घराजवळच गाडी नाल्यात घालून गेला. वय २२.

रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुइस यांना १९८६ ला शिक्षा झाली. रेस्टोने अडीच वर्षं भोगली. पुढे कित्येक वर्षं तो ब्राँक्समधल्या एका जिमच्या तळघरात राहायचा, तिथलीच पडेल ती कामं करायचा. २००७ मध्ये त्याने कबूल केलं की ग्लोव्हजचं त्याला माहीत होतं, आणि हाताच्या पट्ट्याही प्लास्टरमध्ये भिजवून कडक केलेल्या होत्या. बिलीच्या विधवेसमोर जाऊन बसला, कबरीवरही गेला.

शुभ्राने आखलेली रेघ मला पटते, आणि तरी रेस्टोच्या बाबतीत मला ती ओढता येत नाही. हरण्यासाठी बोलावलेला माणूस, ज्याला कोपऱ्यातल्या माणसाने सांगितलं गप्प बस आणि मार. त्याने मारलं. बिलीचा जीव गेला त्यात. पण तळघरात राहिला तो रेस्टो, आणि लुइस मात्र बंदी असूनही बॉक्सरांना शिकवत फिरला, नावाजलेल्या लोकांसोबत मिरवला. मला राग कोणाचा येतो ते सांगायला नको.

खडकीकर

उशिरा आलो या धाग्यावर, पण एका बैठकीत सगळं वाचून काढलं. मी फौजेतला, माझी सगळी उमेद सर्व्हिसेसच्या बॉक्सिंगमध्ये गेली. राष्ट्रीय स्पर्धेच्या पुढे गेलो नाही. पण ज्यांच्या सोबत आणि ज्यांच्या मागे उभा राहिलो त्यांच्याबद्दल लिहितो.

तुम्हाला रिंग दिसते. आम्हाला आठवतं ते वजन. लढतीच्या आदल्या दिवशी दोन किलो उतरवायचेत. मे महिना, अंगात प्लॅस्टिकचं जॅकेट, त्यावर स्वेटर, मैदानाला फेऱ्या. पाणी बंद. चघळायला काहीतरी तोंडात ठेवायचं आणि थुंकत राहायचं, थुंकीचंसुद्धा वजन असतं म्हणून. रात्री मेसमध्ये पोरं जेवताना आपण बाहेर बसायचं. सकाळी काट्यावर उभं राहिलं की पाय लटपटायचे, आणि संध्याकाळी समोरचा मारायला उभा. हे वयाच्या चौदा-पंधरापासून करणारी पोरं असतात. जवळजवळ सगळी गरिबाघरची. नोकरी मिळेल, घराला छप्पर होईल, यासाठी.

डिंको सिंह असाच. मणिपूरमधलं सेक्ता गाव, अनाथाश्रमात वाढलेला. दहा वर्षांचा असताना सब-ज्युनियर राष्ट्रीय विजेता. १९९८ च्या बँकॉक एशियाडच्या संघातून त्याचं नाव आधी वगळलं. बातमी कळल्यावर तो शुद्ध हरपेपर्यंत प्यायला. मग नाव परत घातलं आणि हा पठ्ठ्या गेला, उपांत्य फेरीत थायलंडच्या सोंतायाला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं. अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या तिमूर तुल्याकोव्हने चौथ्या राउंडनंतर माघार घेतली. सोळा वर्षांनी भारताला बॉक्सिंगमध्ये एशियाडचं सुवर्ण! मेरी कोमने हातात ग्लोव्हज घातले ते याला बघून.

सिडनी ऑलिंपिकला पहिल्याच लढतीत हरला. दुखापती झाल्या, विशीतच कारकीर्द संपत आली. नौदलाची नोकरी होती, ती होती म्हणून संसार चालला. मग यकृताचा कर्करोग. उपचारांसाठी इंफाळचं घर विकलं. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये, बॉक्सिंग महासंघाच्या मदतीने विमानाने दिल्लीला हलवलं. परतताना ॲम्ब्युलन्समधून रस्त्याने २४०० किलोमीटर, कर्करोगाचा पेशंट, आणि पोचल्यावर कोरोना. त्यातूनही उठला. १० जून २०२१ ला गेला. वय ४२.

त्याच्या आधीचं एशियाड सुवर्ण कौर सिंह यांचं, १९८२ दिल्ली, हेवीवेट. फौजेतले हवालदार. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत मोहम्मद अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत उभे राहिले होते. पद्मश्री, अर्जुन, सगळं मिळालं. पुढे संगरूर जिल्ह्यातल्या खनाल खुर्दला शेती. हृदयाच्या उपचाराला खासगी सावकाराचं कर्ज काढायची वेळ आली. राज्य सरकारने १९८२ नंतर जाहीर केलेलं एक लाखाचं बक्षीस पस्तीस वर्षं झाली तरी मिळालेलं नव्हतं. २०१७ ला पेपरात आलं तेव्हा फौजेने हात दिला. एप्रिल २०२३ मध्ये गेले.

आता आपला माणूस. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर. अनेकांना ते पॅरालिंपिकचे जलतरणपटू म्हणून माहीत आहेत. पण पेटकर मुळात फौजेतले बॉक्सर, आणि चांगले बॉक्सर. १९६४ ला टोकियोच्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेत खेळलेले. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचं शरीर गेलं. बॉक्सिंग तिथेच संपली. मग पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, अर्जुन त्याच्याही नंतर.

आडवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर पेटकरांच्या गोष्टीत आहे. गोळ्या लागलेले जवान पुष्कळ होते. यांना पाण्यात उतरवणारे डॉक्टर-फिजिओ भेटले, परदेशी जायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने पैसे उभे केले, नंतर पुण्यात टेल्कोची नोकरी मिळाली. तीन ठिकाणी तीन माणसं उभी होती. लिस्टनला एक तुरुंगातला पाद्री सोडला तर कोण?

नीलांबरी

खडकीकर काका, तुम्ही फार कमी लिहिता इथे, असं लिहीत जा. थुंकीच्या वजनाचं वाचून अंगावर काटा आला. डिंकोच्या घराचं तर माहीतच नव्हतं.

कौस्तुभ७

एक शंका. एशियाडचं सुवर्ण आणलेल्याला सरकारी पेन्शन नसते का? आणि अमेरिकेत इतका पैसा असून तिथे बॉक्सरांना काहीच नाही?

दिगंत_एडिसन

@कौस्तुभ७, अमेरिकेचं मी सांगतो. इतर मोठ्या खेळांत खेळाडूंची संघटना असते, पेन्शन असते. बॉक्सिंगमध्ये लीगच नाही, प्रत्येक जण स्वतंत्र कंत्राटदार. कॅलिफोर्निया राज्याने १९८२ पासून बॉक्सरांसाठी पेन्शन निधी ठेवलाय, तिथे झालेल्या लढतींच्या तिकिटांतून त्यात पैसे जमतात. तसा निधी दुसऱ्या कोणत्या राज्यात नाही. २००० मध्ये अलीच्या नावाने केंद्रीय कायदा झाला, प्रमोटरने बॉक्सरला लुबाडू नये म्हणून. पेन्शनचा त्यात शब्द नाही. हेवीवेट जगज्जेत्या जो लुइसने १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई सैन्याच्या मदतनिधींना देऊन टाकली, आणि नंतर करखात्याने त्याला इतकं पिळलं की म्हातारपणी लास वेगासच्या कॅसिनोत दारात उभं राहून पाहुण्यांशी हात मिळवायची नोकरी करावी लागली. पंचवीस वेळा किताब राखलेला माणूस.

खडकीकर

@कौस्तुभ७, आहे पेन्शन. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची योजना १९९४ पासूनची. २०१८ च्या सुधारणेनंतर एशियाड सुवर्णाला महिना १४ हजार, ऑलिंपिक पदकाला २० हजार. वय तिशीच्या वर हवं आणि खेळातून निवृत्ती हवी. त्याशिवाय दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा खेळाडू कल्याण निधी आहे, हलाखीतल्या खेळाडूंना उपचारासाठी त्यातून मदत मिळते.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, पेन्शन आंतरराष्ट्रीय पदकवाल्यांनाच. राष्ट्रीय स्पर्धेत पाच-पाच वर्षं पदकं घेतलेला, डोक्यावर हजारो ठोसे झेललेला माणूस त्यात बसत नाही, आणि आमच्यातले बहुतेक तिथलेच. दोन, कल्याण निधीला अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्रं, उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचे अंदाजपत्रक, सगळं ऑनलाइन. ज्याचा हात थरथरतो, ज्याला कालचं आठवत नाही, त्याने हे कसं करायचं? माझ्या ओळखीत दोघे आहेत ज्यांची प्रमाणपत्रं पुराच्या पाण्यात गेली. आम्ही जुने सोबती मिळून संघटनेच्या जुन्या निकालपत्रिकांतून त्यांची नावं शोधतोय. कोणाकडे १९८० ते १९९५ या काळातल्या महाराष्ट्रातल्या राज्य किंवा राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धांची कात्रणं, स्मरणिका, फोटो असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. झेरॉक्स चालेल, मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल, फक्त नाव आणि साल वाचता यायला हवं.

तांबडी_माती

काका, कोल्हापुरातल्या जुन्या पेपरांच्या फायली आमच्या वाचनालयात आहेत. शनिवारी जाऊन बघतो. साधारण कोणत्या महिन्यात स्पर्धा व्हायच्या तेवढं कळवा.